घोटा दुखतोय? सांधा बदलण्याआधी हे वाचून घ्या

माझी आत्या ऊसतोडीला जायची. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी कोयता निघायचा, त्यात ती आणि मामा. एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना तिचा पाय घसरला आणि उजवा घोटा मुरगळला. संध्याकाळपर्यंत तो कलिंगडाएवढा सुजला. मुकादमाने गावातल्या हाडवैद्याकडे नेले. त्याने तेल चोळून, पाय ओढून, वर बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. उचल फिटायची बाकी होती, त्यामुळे बाराव्या दिवशी आत्या पुन्हा फडात उभी राहिली. एक्स-रे काही कोणी काढला नाही.

तेव्हा ती पस्तिशीची होती. घोटा पुढे वीस वर्षे कुरकुरत राहिला, पण चालत राहिला. पंचावन्नाव्या वर्षी मात्र सकाळी अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जायलाही भिंतीचा आधार लागायला लागला. ती म्हणायची, "वात हाय, वयाचा हाय, आता काय व्हायचंय." मी फिजिओथेरपिस्ट. तिचा पाय हातात घेतला तेव्हा कळले की हा वयाचा वात नव्हता. वीस वर्षांपूर्वी वाकडे जुळलेले हाड होते ते.

या वेळच्या आरोग्य पानासाठी घोट्याची संधिझीज हा विषय घेतला, त्यामागे आत्या आहेच. दुसरे कारण वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत दिसते. गुडघ्याबद्दल सगळे विचारतात, कोणाच्या तरी ओळखीत गुडघा बदललेला असतो. घोट्याबद्दल कोणी विचारत नाही. आणि विचारतात तेव्हा प्रश्न थेट असतो: "घोटाबी बदलून मिळतो का?" मिळतो. पण त्या उत्तराआधी बरेच काही आहे, आणि ते माहीत नसले तर माणूस एकतर नको ते ऑपरेशन करून बसतो किंवा होण्यासारखे असूनही उपचार टाळतो.

घोटा गुडघ्यापेक्षा वेगळा का

घोट्यात तीन हाडे भेटतात. नडगीचे जाड हाड, तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि या दोघांच्या खोबणीत बसलेले टॅलस नावाचे हाड. आतबाहेर जे दोन उंचवटे हाताला लागतात ते पहिल्या दोन हाडांची टोके. तिन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो घासून संपला की हाडावर हाड घासते, सूज येते, कडेला हाडाचे काटे वाढतात आणि सांधा आखडतो. यालाच संधिझीज म्हणायचे.

गुडघा झिजतो तो बहुतेक वेळा वयाने आणि वजनाने. घोट्याचे तसे नाही. घोट्याची कूर्चा पातळ असली तरी चिवट असते, नुसत्या वयाने ती सहसा संपत नाही. घोटा झिजलेल्या दहा माणसांपैकी सातच्या आसपास माणसांना आधी कधीतरी मोठी इजा झालेली असते: हाड मोडलेले, सांधा निखळलेला, किंवा तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळून बंध सैल झालेले. मोडल्यापासून सांधा पूर्ण झिजेपर्यंत सरासरी वीसेक वर्षे जातात. आत्याचा हिशोब यात तंतोतंत बसतो.

हाड थोडेसेच वाकडे जुळले तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. १९७६ साली मृतदेहांच्या घोट्यांवर केलेला एक जुना प्रयोग आजही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जातो. टॅलस आपल्या खोबणीत फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकले, तर दोन हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. माणूस तेवढाच, वजन तेवढेच, पण ते पेलायला जागा निम्मी. चालताना घोट्यावर अंगाच्या वजनाच्या काही पट भार येतो, आणि डोक्यावर मोळी, विटा किंवा सिमेंटचे घमेले असेल तर त्याहून जास्त.

म्हणून आज वस्तीत कोणाचा पाय मुरगळला तर एवढे लक्षात ठेवा. मार लागल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला बोटाने दाबल्यावर हाडावर जीव जाण्यासारखे दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. तेल, लेप, ओढाओढ नको. हाडवैद्यावर माझा राग नाही, गावात दुसरे कोणी नव्हते तेव्हा तोच धावून यायचा. पण हाड किती सरकले आहे हे बोटांना कळत नाही.

इजेशिवायची कारणेही आहेत. आमवातात दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी तासभर ताठरपणा राहतो. युरिक ॲसिड वाढल्यावर सांधा एका रात्रीत लालबुंद होतो. महिनोन्‌महिने एकच घोटा सुजलेला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरत चाललेले, असे असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. क्षय फुप्फुसातच होतो असे नाही.

आणि एक खास इशारा साखरेच्या रुग्णांसाठी. पाय सुजला आहे, हाताला गरम लागतो, पण दुखत मात्र फारसे नाही, अशी अवस्था असेल तर "दुखत नाही म्हणजे बरे आहे" असे समजू नका. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की आत हाडे मोडत जातात आणि माणसाला कळतही नाही. अशा पायावर चालणे त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा.

ऑपरेशनशिवाय किती काळ निभते

निभते, आणि पुष्कळांचे वर्षानुवर्षे निभते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी आधी तीन गोष्टी सांगते: पादत्राण, काठी आणि पट्टा. या तिन्हींचे मोल गोळीपेक्षा जास्त आहे असे माझे मत आहे.

आपल्याकडे बाया सपाट, मऊ, पातळ स्लिपर घालतात. झिजलेल्या घोट्याला यापेक्षा वाईट काही नाही. घोट्याच्या वर येणारा, लेस बांधायचा, टणक तळाचा बूट चांगला. त्याचा तळ पुढून मागून किंचित गोलाकार करून घेता आला, होडीच्या बुडासारखा, तर पाऊल उचलताना घोटा कमी वाकतो आणि कळ कमी येते. बूट दुरुस्त करणारा कारागीर असा तळ लावून देऊ शकतो, त्याला समोर बसून समजावून सांगा. घरात फरशीवर अनवाणी चालू नका. सकाळची पहिली पावले टाकण्याआधी अंथरुणातच पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई लिहा, पूर्ण बाराखडी केली तरी चालेल. घोटा सगळ्या दिशांना मोकळा होतो. मग भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, आणि भिंतीचाच आधार ठेवून एका पायावर दहा-पंधरा सेकंद उभे राहायचे. यामुळे झीज भरून येत नाही, पण घोट्याभोवतीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्यावरचा धक्का ते झेलतात.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा घोटा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दहातले आठ जण उलटी धरतात. काठीची लाज वाटते हे मला माहीत आहे. आत्या म्हणायची, "काठी घेतली की बाई म्हातारी झाली." मी तिला बाबासाहेबांची अखेरच्या वर्षांतली छायाचित्रे दाखवली. मधुमेहाने आणि पायाच्या दुखण्याने ते बेजार होते, हातात काठी असायची, आणि त्या काठीनिशीच ते लाखोंच्या समोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिने काठी घेतली.

घोट्याचा पट्टा बाजारात मिळतो तो नुसता ताणणारा कापडी. त्याचा उपयोग थोडा. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला किंवा पोटरीपासून तळपायापर्यंत येणारा प्लास्टिकचा आधार मापाने करून घेतला तर फरक पडतो. वजन जास्त असेल तर पाच किलो उतरले तरी घोट्याला ते कितीतरी जास्त हलके वाटते.

गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल ही सुरुवातीची गोळी, आणि डायक्लोफिनॅकचे मलम सांध्यावर चोळायला. पोटात घ्यायच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या कळ लवकर थांबवतात, पण रोज घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड खराब होते, रक्तदाब वाढतो. साखर किंवा बीपी असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत. आठवडी बाजारात "वाताची पुडी" मिळते. एका पुडीत माणूस धावायला लागतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांत तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि बराच काळ घेत असाल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका, ते हळूहळू बंद करून देतील.

इंजेक्शनांचे थोडक्यात. स्टेरॉइडचे इंजेक्शन सांध्यात दिले तर काही आठवडे ते काही महिने आराम पडतो, लग्नसराई किंवा जयंतीचा काळ निभावून न्यायला ठीक आहे, पण वारंवार नको. हल्ली स्वतःच्याच रक्तातून काढलेले पीआरपीचे इंजेक्शन मोठ्या किमतीला सुचवतात. नेदरलँड्समध्ये घोट्याची झीज असलेल्या १०० रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून हे इंजेक्शन घेऊ नका एवढेच मी म्हणेन.

ऑपरेशनची वेळ येते तेव्हा

पट्टा, बूट, काठी, गोळ्या हे सगळे सहा महिने नीट करूनही रात्री कळेने झोप मोडत असेल, विहारापर्यंत चालणेही जमत नसेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार करायचा. एक्स-रे उभे राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये दोन हाडांमधले अंतर खोटे जास्त दिसते. तंत्रज्ञाला स्वतःहून सांगा, "दोन्ही पायांचा, उभा राहून."

झीज थोडी असेल आणि फक्त पुढच्या कडेचा हाडाचा काटा टोचत असेल तर दुर्बिणीने तो घासून काढता येतो. सांध्याचा एकच कोपरा झिजला असेल आणि पाय वाकडा असेल, तर नडगीचे हाड घोट्याच्या वर कापून सरळ केल्याने भार चांगल्या बाजूवर जातो. तरुण रुग्णाला हा मार्ग जरूर विचारावा. पण सांधा पूर्ण संपला असेल तर दोनच मोठे पर्याय उरतात: सांधा कायमचा जोडणे किंवा सांधा बदलणे.

सांधा जोडणे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत फ्युजन किंवा आर्थ्रोडेसिस. उरलेली कूर्चा खरवडून काढतात, नडगी आणि टॅलस एकमेकांना भिडवतात, दोन-तीन स्क्रू किंवा पट्टी लावतात, आणि काही महिन्यांत दोन्ही हाडांचे एक हाड होते. सांधाच राहत नाही, म्हणून कळही राहत नाही. ऐकून लोक घाबरतात: "म्हणजे पाय लाकडासारखा होणार?" नाही होत. घोट्याच्या पुढचे पावलातले लहान सांधे थोडी हालचाल करत राहतात. सपाट रस्त्यावर, बूट घालून चालणारा माणूस लांबून पाहिला तर लगेच ओळखूही येत नाही. चढावर आणि खडबडीत वाटेवर जाणवते.

किंमत वेगळी मोजावी लागते. साधारण सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही, मग प्लास्टर किंवा कडक बूट तीन महिन्यांपर्यंत. दहातल्या एखाद्याचे हाड जुळतच नाही आणि पुन्हा ऑपरेशन लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण वाढते. आमच्या बाया म्हणतात, "आम्ही कुठं विडी ओढतो?" पण मिश्री लावतात. हाड जुळण्यात अडथळा आणणारे निकोटीन मिश्रीतही असते, तंबाखूतही. ऑपरेशनच्या आधी किमान महिना-दीड महिना आणि नंतर हाड जुळेपर्यंत मिश्री पूर्ण बंद. मला वाटते, या एका गोष्टीवर घरातल्या सगळ्यांनी पेशंटला साथ द्यायला हवी, कारण सासू मिश्री लावत असेल तर सुनेची सुटत नाही. आणखी एक: जोडलेल्या घोट्याचा भार शेजारच्या सांध्यांवर जातो, आणि दहा-वीस वर्षांत ते झिजू शकतात.

सांधा बदलणे म्हणजे नडगीच्या खालच्या टोकाला आणि टॅलसच्या वरच्या बाजूला धातूची टोपी बसवून मध्ये घट्ट प्लास्टिकची चकती ठेवणे. हालचाल राहते, चालण्याची ढब सहज राहते, शेजारच्या सांध्यांवर ताण कमी येतो. दहा वर्षांनी शंभरातले ऐंशी ते नव्वद सांधे चालू असतात. म्हणजे दहा-वीस जणांना तोवर पुन्हा ऑपरेशन लागलेले असते, आणि बदललेला सांधा काढून मग घोटा जोडायचा म्हटले तर हाड कमी पडते, काम अवघड होते. घोट्यावरची पुढची कातडी पातळ असते, जखम भरायला त्रास होऊ शकतो.

दोन्हींत चांगले कोणते? ब्रिटनमध्ये १७ रुग्णालयांत ३०३ रुग्णांवर याचा सरळ मुकाबला लावला होता, वय ५० ते ८५. निकाल २०२२ मध्ये आला. वर्षभराने दोन्ही गटांना भरपूर आराम होता, आणि कोण जिंकले हे ठामपणे सांगावे एवढा फरक नव्हता. बदललेल्या घोट्यात जखमेच्या तक्रारी जास्त, जोडलेल्या घोट्यात हाड न जुळण्याच्या आणि रक्ताच्या गुठळीच्या जास्त. म्हणजे कोणी "बदलणे म्हणजे आधुनिक, जोडणे म्हणजे जुने" असे सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

मग ठरवायचे कशावर? तुमच्या कामावर. सांधा बदलणे बसते साधारण साठीच्या आसपासच्या, बैठे किंवा हलके काम करणाऱ्या, घोटा फारसा वाकडा नसलेल्या, साखरेने नसा बधिर न झालेल्या, पूर्वी सांध्यात पू न झालेल्या माणसाला. ऊसतोड, वीटभट्टी, हमाली, गटारीचे काम, बांधकाम यात ज्याला परत जायचे आहे, त्याच्या धातूच्या सांध्याचे आयुष्य लवकर संपेल. चाळिशीतल्या, ओझे वाहणाऱ्या माणसाला जोडलेला घोटा जास्त टिकाऊ. हे ऐकायला कठोर वाटते, की श्रम करणाऱ्याच्या वाट्याला हालचाल गमावणारे ऑपरेशन यावे. मलाही तसे वाटते. पण दहा वर्षांत तिसरे ऑपरेशन होण्यापेक्षा ते बरे.

बसण्याचा प्रश्न

ही गोष्ट इस्पितळात कोणी विचारत नाही, म्हणून इथे सविस्तर. टाच टेकवून उकिडवे बसायला घोटा पुढच्या बाजूला खूप वाकावा लागतो. झिजलेला घोटा तेवढा वाकत नाही. जोडलेला तर वाकणारच नाही. आणि बदललेला घोटाही तेवढा वाकत नाही, हे लोकांना ऑपरेशननंतर कळते. असले सांधे खुर्चीवर बसणाऱ्या, कमोड वापरणाऱ्या माणसांच्या देशात घडले.

आपल्याकडे या अडचणीचा विचार आधीच झालेला आहे, तो कृत्रिम पायाच्या बाबतीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' घडवला तो याचसाठी. परदेशी लाकडी पायाचा घोटा वाकत नसे, त्यामुळे माणसाला उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी शेतात जाता येईना. आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातही असे पाय बनवून दिले गेले. घोट्याच्या सांध्याला मात्र अजून असा जयपूरवाला भेटलेला नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आधी घरात बसून ठरवा. शौचाला कुठे जाता? वस्तीतल्या सार्वजनिक संडासात भारतीय पद्धतीचेच भांडे असेल तर त्यावर ठेवायची भोक असलेली खुर्ची आधी आणून ठेवा. धुणे-भांडी उंच ओट्यावर किंवा स्टुलावर बसून करता येतील का ते बघा. चूल असेल तर ती वर उचलावी लागेल. घरातल्या पुरुषांनीही यातले काही काम हातात घ्यावे लागेल, तीन महिने तर नक्कीच. विहारात गुडघे टेकून पंचांग प्रणाम करताना पायाची बोटे आणि घोटा दुमडतो, तो जमणार नाही. खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना होते. विहार समित्यांना एक विनंती: मागच्या भिंतीशी पाच-सहा खुर्च्या कायम मांडून ठेवा, मागायला लावू नका. वर्षावासात ग्रंथवाचनाला येणे किती जणींनी फक्त खाली बसता येत नाही म्हणून सोडले आहे, हे मी मोजलेले नाही, पण माझ्या ओळखीत चार आहेत.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते. ऑपरेशन सुचवल्यावर त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की हे नाव यादीत बसते का आणि इम्प्लांटचे पैसे त्यात धरले आहेत का. योजनेचा मोफत फोन क्रमांक १५५३८८. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड सोबत ठेवा, तिन्हींवर नाव सारखे आहे ना ते आधी बघा. निम्मी फेरी नावातल्या एका अक्षरासाठी वाया जाते.

२०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे गुडघा स्वस्त झाला. त्या आदेशात घोट्याचा सांधा नव्हता. म्हणून घोटा बदलायचा अंदाज देताना इम्प्लांटची किंमत वेगळी लेखी मागा.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. निर्धनाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार. दाखला ऑपरेशन ठरल्यावर काढायला धावू नका, आधीच काढून ठेवा.

नगरला जिल्हा रुग्णालय आहे, विळद घाटात आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, पुण्याला ससून आहे. अस्थिरोगतज्ज्ञाला एक प्रश्न न संकोचता विचारा: "डॉक्टरसाहेब, तुम्ही वर्षाला असे घोटे किती करता?" गुडघा रोज बदलणाऱ्या डॉक्टरानेही घोटा क्वचितच बदललेला असू शकतो. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी वेळेचा हिशोब असा धरावा. कोयता परत येतो तो साधारण जयंतीच्या सुमारास. तेव्हा ऑपरेशन झाले तर प्लास्टरचे महिने पावसाळ्याच्या तोंडाशी संपतात आणि अशोक विजयादशमीपर्यंत पाय बऱ्यापैकी तयार होतो. त्या वर्षीची उचल मात्र ऑपरेशनच्या आधी घेऊ नका. उचल घेतली की मुकादम तारीख सांगतो, डॉक्टर नाही.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, छातीत कळ आली किंवा दम लागला तर थेट रुग्णालय गाठा, ती गुठळी असू शकते. जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तरी तसेच. प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवू नका.

आत्याचा घोटा जोडला. बदलण्याजोगा तो नव्हता, हाड फारच वाकडे होते आणि तिला काम सोडायचे नव्हते. मिश्री सुटायला दोन महिने लागले, तोवर तारीख पुढे ढकलली. मोळी ती आता उचलत नाही. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते, खाली नाही, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर. रात्री झोपते. पहिला एक्स-रे आणि शेवटचा, दोन्ही फिल्म तिने पत्र्याच्या पेटीत बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवल्या आहेत, आणि वस्तीत कोणाचा पाय मुरगळला की त्या काढून दाखवते.